६ मिलिमीटर

बुधवारी सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेट काढली आणि पहिला संशय आला तो स्वतःच्याच हातावर. रुग्णाच्या नमुन्यातल्या क्लेबसिएला या जीवाणूचा दाट थर पसरलेला, त्यात औषधांच्या १२ चकत्या, आणि एकीभोवतीही मोकळं वर्तुळ नाही; औषधाने जीवाणूंची वाढ रोखली तरच ते उमटतं. मेरोपेनेम या प्रतिजैविकाचं माप ६ मिलिमीटर, म्हणजे निव्वळ चकतीचा व्यास.

नमुना यंत्रात घातला की अहवाल बाहेर पडतो, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात अगार, म्हणजे प्लेटमधला जेलीसारखा थर, ४ मिलिमीटर जाडीचाच लागतो. जास्त ओतला गेला तर वर्तुळं उगाच लहान येतात. सलाइनमध्ये कालवलेले जीवाणू ०.५ मॅकफार्लंड या ठरलेल्या मापाइतकेच गढूळ हवेत आणि १५ मिनिटांच्या आत प्लेटवर पसरायला हवेत. यातलं काही चुकलं का, हे मी मनात तपासत होतो. पण शेजारच्या प्लेटवर नियंत्रणासाठी लावलेल्या ई. कोलायची सगळी वर्तुळं मापात होती. चकत्या उत्तम होत्या.

"पुन्हा लावा, मगच कळवा," वरिष्ठ म्हणाले. नियम तसाच आहे: असा अहवाल खात्री करूनच द्यायचा. पण तोंडी प्राथमिक निष्कर्ष कळवायला कोणाची हरकत असते? वरिष्ठांना चुकीच्या अहवालाची भीती उशिरापेक्षा जास्त वाटते. मीही फोन उचलला नाही. अर्जावरचा 'आधी दिलेली प्रतिजैविकं' हा रकाना नेहमीप्रमाणे कोरा होता. वॉर्डात मेरोपेनेमच चालू आहे, हे मला तिथे वाचायला मिळालं असतं तर मी थांबलो नसतो, असं मी स्वतःला सांगतो. विचारायला मात्र फोन होताच.

गुरुवारी प्लेट तशीच आली. जनुक तपासणीत औषधांना न जुमानण्याची ताकद देणारा एनडीएम जनुक निघाला. त्याचं विकर (एन्झाइम) मेरोपेनेम फोडतं, पण अ‍ॅझ्ट्रिओनाम या दुसऱ्या प्रतिजैविकाला हात लावत नाही. मात्र ते औषध फोडणारी वेगळी विकरं सहसा याच जीवाणूत असतात, म्हणून सोबत त्या विकरांना रोखणारं अ‍ॅव्हिबॅक्टम द्यावं लागतं. मूत्रपिंडाला इजा होते म्हणून कधीकाळी बाजूला ठेवलेलं कोलिस्टिनही विचारात होतं. त्याचा रेणू मोठा, अगारमध्ये नीट पसरत नाही, त्यामुळे चकतीवर भरवसा ठेवता येत नाही. द्रव माध्यमात पातळ करत तपासायचं, म्हणजे आणखी एक रात्र.

औषध गुरुवारी दुपारी बदललं. रुग्ण शनिवारी गेला.

२०१९ साली जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. विद्यार्थ्यांना मी तो दरवर्षी सांगतो. तो सांगताना एक दिवसाच्या उशिराबद्दल मी कधी बोललो नव्हतो. बुधवारी औषध बदललं असतं तर रुग्ण वाचला असता, असं छातीठोक म्हणता येत नाही. सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होत जाणं, खूप पुढे गेला होता. नसता वाचला, असंही म्हणता येत नाही.

सोमवारी वॉर्डातली निवासी डॉक्टर प्रयोगशाळेत आली. भांडायला आली असावी असं वाटलं. पण ती शांत होती.

"सर, बुधवारी सकाळी तुम्हाला हे दिसलं होतं?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.