गोधडीच्या मधला तुकडा

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे. माझ्या गोधड्या पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न असतो की, चारही बाजूंनी इतक्या निगुतीने रचत आणलेल्या गोधडीच्या मधोमध तो एक आखूड, किंचित तिरका, बाकीच्या रंगांशी न जुळणारा तुकडा का असतो, आणि ही शैली मला कुठे सापडली. त्याचे उत्तर माझ्या पहिल्या तीन गोधड्यांत आहे. त्या मी अजून ठेवल्या आहेत. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही कुबट वास धरतो, म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या आधी नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी त्यांना ऊन दाखवते, आणि तिघी शेजारी शेजारी पसरल्या की माझा हात कसा बदलत गेला ते स्पष्ट दिसते.

पहिली आठ टोकांच्या ताऱ्याची, परदेशी नमुन्यावरून केलेली. जांभळी नाक्याच्या बाजारातून लाल, पांढरे आणि निळे असे नवे सुती कापड आणले आणि ते न धुताच शंकरपाळ्यांच्या आकारात कापले. शंकरपाळा कापला की त्याच्या निदान दोन बाजू उरेब, म्हणजे विणीला तिरप्या, येतात आणि उरेब कापड हाताच्या नुसत्या ओढीनेही ताणले जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिवाय ताऱ्याच्या केंद्राशी आठ तुकडे एकत्र येतात, त्यामुळे प्रत्येक शिवणीत एका दोऱ्याइतकी चूक झाली तरी मध्याशी ती आठपट होते. तारा पूर्ण झाला तेव्हा त्याचा मध्य पुरीसारखा फुगला होता. इस्त्री केली, पाणी मारले, वर जाड पुस्तके ठेवली, पण तो बसला नाही, आणि पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला.

दुसरी लॉग केबिन पद्धतीची आहे, म्हणजे मधला एक चौकोन आणि त्याच्याभोवती फिरत जाणाऱ्या पट्ट्या. इथे फुगा आला नाही, पण मधल्या चौकोनातला थोडासा तिरकेपणा प्रत्येक फेऱ्यागणिक वाढत गेला आणि शेवटी एक बाजू दीड इंच लांब निघाली. मी ती सरळ रेषेत कापून टाकली. आज वाईट वाटते ते त्या कापण्याचे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील जीज बेंड इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या ज्या गोधड्या 2002 साली आधी ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या, त्यांची छायाचित्रे मी पुष्कळ उशिरा पाहिली. त्यांची हाऊसटॉप नावाची रचनाही मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत जाते, परंतु पट्ट्यांची रुंदी कमीजास्त झाली तर ती तशीच ठेवलेली दिसते आणि सारी रचना त्या कमीजास्तपणावरच उभी असते.

तिसरी माझ्या आत्याने आणि मी मिळून केली. आत्या साताऱ्याकडची, त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती आमच्याकडे राहायला आली होती. हॉलमधले टीपॉय आणि खुर्च्या बाल्कनीत सरकवून तिने आजीचे नऊवारी लुगडे फरशीवर अंथरले, त्यावर विरलेल्या सुती साड्यांचे दोन थर पसरले, कडेने कच्चे टाके घातले आणि एका कोपऱ्यातून काम सुरू केले. तुकडा ठेवायचा, त्याची कड आत दुमडायची, धावदोरा घालत पुढे सरकायचे, कोपरा आला की वळायचे. टेप तिने घेतली नाही. टाक्यांच्या दोन ओळींत दोन बोटांचे अंतर आणि सुईत हातभर दोरा, कारण त्याहून लांब दोऱ्याचा गुंता होतो. मी विचारले, "आत्या, मध्ये काय लावायचं?" ती मान वर न करता म्हणाली, "मधलं मागाहून बघू."

तोवर मी जे वाचले होते ते याच्या नेमके उलट होते. क्विल्टची पुस्तके सांगतात की टाके मध्यापासून बाहेर घालावेत, म्हणजे कापडातला झोळ कडेला निघून जातो. आत्या कडेकडून आत येत होती, आणि मला ताऱ्याचा फुगा आठवून धाकधूक होत होती. पण दर दोन ओळींनंतर ती तळव्याने कापड सारवल्यासारखे निपटून घेई आणि उरलेला झोळ पुढच्या तुकड्याच्या दुमडीखाली दाबून टाकी. तुकडे आधी जोडून ठेवलेले नसल्यामुळेच हे शक्य होते. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया कवंडी नावाची तुकड्यांची गोधडी शिवतात, त्याही अशाच कडेवरून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे येतात, हे पुढे कळले तेव्हा आत्याची आठवण येऊन मला फार बरे वाटले.

तरीही तिची पद्धत एकदम माझी झाली नाही. पुढची चार-पाच वर्षे मी कडेपासून सुरुवात करीत असे खरी, पण मध्यासाठी एखादा देखणा तुकडा, पैठणीचा मोर किंवा खणाचा चौकोन, आधीच राखून ठेवीत असे. तो कधीच नेमका बसत नसे. मग त्याच्यासाठी मी शेवटचे दोन फेरे उसवायचे आणि तरीही तो वरून चिकटवल्यासारखा दिसायचा. एका गोधडीत तिसऱ्यांदा उसवताना जुने लुगडे सुईच्या भोकांवरच फाटले. रफू करून मी मोर बाजूला ठेवला आणि जेवढी जागा उरली होती तेवढा, हाताशी असलेला फिकट हिरवा तुकडा दुमडून लावला. तेव्हापासून मध्यासाठी मी काहीही राखून ठेवलेले नाही. चारही बाजूंनी आलेल्या फेऱ्यांमधली कमीजास्त रुंदी मिळून जी जागा शिल्लक राहते तिचाच आकार त्या तुकड्याला येतो, आणि रंगही तोपर्यंत न संपलेल्या कापडातून निवडावा लागतो. तुम्ही ज्याला शैली म्हणता ती एवढीच आहे, आणि मला ती मनापासून प्रिय आहे.

सध्या फरशीवर असलेल्या गोधडीत वीतभर लांब आणि चार बोटे रुंद जागा उरली आहे, एका टोकाला निमुळती. काल संध्याकाळी तिथे गडद इरकलीचा तुकडा ठेवून पाहिला; ट्यूबलाइटच्या उजेडात तो काळाच वाटला. सकाळी बाल्कनीतले ऊन हॉलमध्ये आले की पुन्हा ठेवून पाहीन.