प्राग: पुलावरच्या नकला आणि अस्सल पुतळ्यांचा पत्ता

चार्ल्स पुलावर मान वर करून ज्या दगडी पुतळ्यांचे फोटो काढले जातात, त्यांतले बहुतेक प्रतिकृती आहेत, आणि पुलावर हे कुणी सांगत नाही. मूळ पुतळे वालुकाश्माचे. कोळशाच्या धुरातल्या गंधकामुळे या दगडावर जिप्समचं काळं कवच धरतं, आणि ते सुटताना कोरीव कामाचा पापुद्राही सोबत नेतं. म्हणून मूळ पुतळे आत हलवले. माटियास ब्राउन आणि ब्रोकॉफ या मूळ शिल्पकारांची छिन्नी बघायची असेल, तर पुलाला एकच तास द्या.

तो तासही उजाडतानाचा. नऊ वाजल्यानंतर ५१६ मीटर लांब आणि जेमतेम १० मीटर रुंद पुलावर माणसांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नाही. जुन्या शहराच्या बाजूने चढून मोजत जा. उजवीकडचा आठवा पुतळा म्हणजे नेपोमुकचा संत जॉन: १६८३ चा, पुतळ्यांत सर्वांत जुना, ब्राँझचा. डावीकडे बारावी ब्राउनची संत लुइटगार्डा (१७१०), पुलावरची सर्वोत्तम रचना. तिथे मात्र नक्कल उभी आहे.

डावीकडचा पाचवा फ्रान्सिस झेवियर. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चमध्ये ज्याचं शव आहे, तोच. १८९० च्या पुरात वाहून आलेले लाकडाचे ओंडके कमानींना अडले, कमानी कोसळल्या आणि हा अख्खा समूह व्लताव्हा नदीत गेला. आज दिसतो तो १९१३ चा.

अस्सल दोन ठिकाणी आहेत, आणि १७ नंबरची ट्राम दोन्हीकडे नेते. पुलाशेजारच्या कार्लोव्ही लाझ्नी थांब्यावरून उत्तरेला व्हिस्ताविश्त्ये, तिथे लापिडारियम, म्हणजे दगडी शिल्पांचं संग्रहालय. ब्रोकॉफचा मूळ झेवियर इथेच. हे वर्षभर उघडं नसतं. तारखा बघितल्याशिवाय ट्राममध्ये बसूच नका. दक्षिणेला व्हीटोन्य थांबा. तिथून व्रातिस्लावोवा रस्त्याने चढून व्हिशेहराड किल्ल्याचा विटांचा दरवाजा. आतल्या भुयारातून गोर्लित्से दालनात नेतात, तिथे पुलावरचे सहा मूळ पुतळे आहेत. प्रवेश फक्त मार्गदर्शकासोबत, म्हणून पुढच्या फेरीची वेळ आधी विचारा. बाहेर कडक ऊन असलं तरी आत स्वेटर लागतो. प्रागमध्ये एकच जागा बघायची असेल तर हीच.

आता पैसे, कारण सगळ्यात जास्त लूट इथेच होते. जुन्या चौकाभोवतीच्या चलन बदलायच्या काउंटरवर ‘कमिशन ०%’ ठळक असतं. खरी कात्री दरात असते. फलकावरचा चांगला दर बहुतेकदा तुम्ही त्यांना कोरुना (इथलं चलन) विकता तेव्हाचा, किंवा मोठ्या रकमेपुरता. ‘या १०० युरोंचे हातात नेमके किती कोरुना?’ एवढंच विचारा, आकडा कागदावर घ्या, मगच नोट पुढे करा. फसलात तर पावती जपा: १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, फक्त काउंटर बँकेचं नसावं. रस्त्यात नोटा बदलून देणाऱ्याकडे बघूही नका, तो दुसऱ्याच देशाच्या नोटा हातात ठेवतो. एटीएमने ‘रुपयांत की कोरुनात?’ विचारलं तर कोरुनाच. चौकातल्या गाड्यांवर भाजलेल्या हॅमचा भाव १०० ग्रॅमचा असतो आणि कापून देतात तीनचारशे ग्रॅम. सुरी लागण्याआधी वजन सांगा.

व्हिटकोव्ह टेकडीवरचा यान झिझ्का या चेक सेनापतीचा अश्वारूढ पुतळा ९ मीटर उंच आहे. फ्लोरेन्त्स मेट्रो स्थानकावरून चालत गेलात तर शेवटचा चढ छाती भरवतो, तरी जा. घोड्याच्या पोटाखाली उभं राहिल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही.

व्हेन्सेस्लास चौकात शिल्पकार मिस्लबेकचा अश्वारूढ संत व्हेन्सेस्लास बघून लगेच लुसेर्ना पॅसेजमध्ये शिरा. तिथे डेव्हिड चेर्नीने त्याच संताला मेलेल्या, उलट्या टांगलेल्या घोड्याच्या पोटावर बसवलंय. दोन्ही फुकट, अर्ध्या तासात होतात.