भातकापणी झाली की केबिन फिल्टर उघडा

गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, बदलायचं वेळापत्रक किलोमीटरमध्ये दिलेलं असतं. कुठे १०,०००, कुठे २०,०००, नाहीतर वर्षातून एकदा. रोज धावणाऱ्या गाडीला ते ठीक आहे. आमच्या गाडीचं फिरणं ते किती? शिरोड्याचा बाजार, सासूबाईंना घेऊन सावंतवाडीला डॉक्टरांकडे, लग्नसराईत कुडाळ. बाकीचा वेळ ती खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, कडेला माटवाखाली (मांडवाखाली) उभी असते. आणि उंदीर या फिल्टरमध्ये घर करतो ते उभ्या गाडीतच. म्हणून मी या बाबतीत किलोमीटर बघत नाही, शेती बघते. मृग लागायच्या आधी एकदा, गणपतीच्या आधी एकदा आणि भात कापून घरात आलं की एकदा, असा ग्लव्ह बॉक्स खाली उतरतोच, कारण फिल्टर त्याच्यामागे असतो.

यामागे कारण आहे. आमच्याकडे सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. शेताच्या बांधातली बिळं पाण्याने भरली की उंदीर कोरडी जागा शोधत घराकडे सरकतात. कापणीनंतर शेत उघडं पडतं, धान्य घरात येतं, आणि धान्यामागोमाग तेही येतात. खळ्यात पेंढ्याची उडवी, मांगरात (घराशेजारच्या खोपटात) लाकडं, आणि मध्ये उभी गाडी. कोरडी, वरून झाकलेली, नुकती फिरून आली असेल तर उबदारसुद्धा.

आत शिरायची वाट आपण रोज बघतो, पण तिकडे लक्ष जात नाही. समोरच्या काचेच्या खाली, वायपरच्या बुडाशी काळी प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी असते. पावसाचं पाणी तिथून खाली उतरतं आणि दोन्ही बाजूंच्या भोकांतून बाहेर जातं. त्याच पट्टीखाली एक तोंड असतं, त्यातून बाहेरची हवा ब्लोअरकडे, म्हणजे आत हवा ढकलणाऱ्या पंख्याकडे, जाते. कित्येक गाड्यांत या तोंडाला काहीच झाकण नसतं, किंवा असल्या तर विरळ प्लॅस्टिकच्या काड्या. पुढे एक झडप, मग फिल्टर आणि ब्लोअर. फिल्टर म्हणजे मऊ तंतूंच्या कागदाच्या घड्या. अंधार, कोरडी जागा, अंथरूण तयार, आणि कोणी हलवायला येत नाही. घरातला लहान उंदीर सहा-सात मिलिमीटरच्या फटीतून आत जातो. डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतं.

गेल्या तुळशीच्या लग्नाच्या सुमारास आमच्या गाडीत हेच झालं. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे हवेतला फरक सगळ्यात आधी त्यांना कळतो. गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या, "उंदराच्या मुताचो वास येता गो." मला तोपर्यंत फक्त एवढंच जाणवलं होतं की हवा कमी येतेय, ब्लोअर तीनवर टाकला तरी एकचीच वाटते. काचा खाली करून त्यांना घरी आणलं आणि गाडी उन्हात लावली.

ग्लव्ह बॉक्स काढणं अवघड नाही. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजू आत दाबल्या की तो अडकणीतून सुटून खाली लोंबतो. एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा असेल तर तो आधी सोडवायचा. मागे आडव्या झाकणात फिल्टर. काही जुन्या, स्वस्त मॉडेलांत तिथे नुसती रिकामी खाच निघते, कारण कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो. तसं असेल तर आधी फिल्टर घ्या, म्हणजे निदान पानं आणि धूळ तरी ब्लोअरपर्यंत पोचणार नाही.

आमच्या फिल्टरची बाहेरची बाजू विटकरी लाल झाली होती. ती जांभ्याची धूळ, ती असणारच. पण एका कोपऱ्यात सात-आठ घड्या राहिल्याच नव्हत्या. कुरतडून त्यांचा कापूस केलेला, आणि त्या कापसाची वाटी. वाटीत पायपुसण्यातला काथ्या, पोत्याचे निळे प्लॅस्टिकचे धागे, भाताची टरफलं आणि गेल्या हंगामातली एक काजूची बी, एका बाजूने पोखरलेली. खाली तांदळाएवढ्या काळ्या लेंड्या, आणि कडेला पिवळट तपकिरी डाग पार तळापर्यंत उतरलेला. सासूबाईंच्या नाकात जात होती ती हवा याच डागावरून येत होती. मला रागही आला आणि भीतीही वाटली.

अशा वेळी पहिला मोह होतो तो फिल्टर बाहेर काढून पायरीवर आपटायचा, नाहीतर पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मारून घ्यायचा. नुसत्या धुळीच्या फिल्टरला हलकं झटकणं चालतं. लेंड्या असलेल्या फिल्टरला अजिबात नाही. ती सगळी घाण बारीक होऊन श्वासात जाते. आमच्या जिल्ह्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, कोणाला समजावून सांगायला नको, लावणीच्या दिवसांत प्रत्येक वाडीत त्याची चर्चा असते. तो उंदराच्या मुतातून येतो आणि हातापायाच्या जखमेतून, डोळ्यातोंडातून शरीरात शिरतो. जिवाणू कोरड्या जागी टिकत नाहीत हे खरं, पण दमट हवेत, एसीच्या ओलाव्याशेजारी मूत कधी सुकलं हे कोण बघतं? म्हणून रबरी हातमोजे, मास्क, दारं उघडी, ब्लोअर बंद. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी मिसळून फवारणीच्या बाटलीने आधी सगळं भिजवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग कागदाने उचलून पिशवीत बांधायचं. आतला प्लॅस्टिकचा खोकाही त्याच पाण्याने पुसायचा, नंतर साध्या ओल्या फडक्याने. धातूवर ब्लीच ठेवून द्यायचं नाही, खारी हवा आहे तेवढी पुरे आहे. फवारा ब्लोअरच्या मोटरवर जाऊ द्यायचा नाही.

आणि असा फिल्टर धुऊन परत वापरायचा नाही. कागदी फिल्टर पाण्याने धुतला की त्याच्या तंतूंची बारीक धूळ धरून ठेवायची ताकद जाते, दिसायला मात्र तो स्वच्छ दिसतो. दम्याच्या माणसाला अशा दिसण्याचा काय उपयोग?

नवीन फिल्टर आणायला गेले तेव्हा आमच्या नेहमीच्या मेस्त्रींनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. "वयनी, फिल्टर कितीय बदला, वाट उघडी आसा तवसर दुसरो येतलोच." त्यांनी वायपर आणि वरची काळी पट्टी काढली, तोंड मोकळं केलं आणि त्यावर जाळी बसवली. ही जाळी म्हणजे या सगळ्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. भोक पाच-सहा मिलिमीटरचं हवं, त्याहून मोठं नको. मच्छरजाळीसारखी बारीक घेतली तर धुळीने आणि पानांच्या चुऱ्याने गच्च होते आणि हवाच येत नाही. साधी कोंबडीची जाळी भोकांनीही मोठी आणि आमच्या खाऱ्या वाऱ्यात गंजतेही लवकर. दुकानात स्टेनलेस स्टीलची मागा, समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ नंबरची मिळाली तर उत्तम. टोकं आत दुमडून, चारही बाजूंनी पक्की. कोपरा सैल राहिला तर तेवढाच पुरतो. पाणी जायची भोकं मात्र झाकायची नाहीत. माडाला पत्रा मारतात ना, तसंच हे. उंदराशी भांडायचं नाही, त्याची वाट बंद करायची.

बाकीचे उपाय मला बरेच जण सांगतात. डांबराच्या गोळ्या: हवा जिथून आत येते तिथेच त्यांचा वास सोडायचा आणि तो दम्याच्या माणसाला हुंगायला लावायचा, हे मला मान्य नाही. लहान मूल असलेल्या घरानेही नाद करू नये. तंबाखूची पानं, पुदिन्याचं तेल यांचा वास चार दिवसांत उडतो आणि उंदीर सरावतो. विषाच्या वड्या तर नकोच नको. ते खाऊन तो ब्लोअरमागे मरून पडला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि बाहेर मेला तर मांजर किंवा घुबड त्याला खातं. पिंजरा ठेवायचा तर गाडीजवळ ठेवा, आत नको. भाजलेला खोबऱ्याचा तुकडा किंवा सुकट, दोन्हीला येतो.

गाडीत तांदळाचं पोतं, सुके बोंबील, काजू रात्रभर ठेवू नयेत. सीटखाली सांडलेलं त्याच संध्याकाळी झाडावं. गाडी उडवीपासून आणि लाकडांपासून लांब लावावी आणि आठवड्यातून निदान दोनदा चालू करून फिरवावी, गरज नसली तरी.

एक छोटी सवय मात्र फार कामाची आहे. पावसात काचेवर वाफ धरते म्हणून आपण बाहेरची हवा चालू ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. पण गाडी बंद करण्याआधी हवेची कळ आतल्या हवेवर (रीसर्क्युलेशनवर) करावी. बहुतेक गाड्यांत झडप तशीच बंद राहते आणि बाहेरचं तोंड झाकलं जातं. झडप प्लॅस्टिकची आहे, ठरवलं तर उंदीर ती कुरतडेल, त्यामुळे जाळीची जागा ती घेऊ शकत नाही. पण दोन दारं एकापेक्षा बरी.

नवा फिल्टर बसवताना कडेवरचा बाण बघा. तो हवेच्या दिशेने हवा, आणि ती दिशा गाडीगणिक बदलते, म्हणून जुना काढतानाच फोटो घेऊन ठेवावा. आणि जाळी बसवली म्हणजे काम संपलं असं नाही. आमच्या खळ्यात बकुळ आणि फणस आहे, त्यांची पानं त्या पट्टीवर साचतात आणि पाण्याची भोकं बुजतात. मग पाणी थेट आत, पायाखालच्या मॅटवर. पावसात दर रविवारी मी हाताने पानं उचलते आणि एक तांब्या पाणी ओतून ते दोन्ही चाकांमागून खाली पडतंय का ते बघते.