जोधपूर रिफ: कोजागिरीच्या चांदण्यात मेहरानगडावर, जाणाऱ्यांसाठी सविस्तर

राजस्थान इंटरनॅशनल फोक फेस्टिव्हल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'जोधपूर रिफ', 2007 पासून मेहरानगड किल्ल्यावर भरतो. याच्या तारखा चंद्रावर ठरतात. शरद पौर्णिमा म्हणजे आपली कोजागिरी, आणि तिच्या आगेमागे पाच दिवस: 2023 ला 26 ते 30 ऑक्टोबर, 2024 ला 16 ते 20, 2025 ला 2 ते 6. त्यामुळे पुढच्या वर्षीचा अंदाज घ्यायला घोषणेची वाट बघायची गरज नाही. कॅलेंडरात आश्विन पौर्णिमा बघून रजेचा अर्ज टाकून ठेवावा.

पाचही दिवस जमणं नोकरदारांना कठीण. बहुतेक जण शनिवार-रविवारला एखादी रजा जोडून येतात आणि ते पुरतं, फक्त निवड नीट हवी. पौर्णिमेची संध्याकाळ आणि तिच्या लगतची पहाट या दोन गोष्टी हातातून जाऊ देऊ नयेत. ऐन पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला चंद्र उगवतो आणि पहाटेच्या मैफलीला तो पश्चिमेकडे मावळतीला आलेला असतो. पुढे रोज तो अर्धा-पाऊण तास उशिरा येतो. दोन-तीन दिवसांनी गेलात तर संध्याकाळच्या मैफलीची सुरुवात अंधारातच होते.

तारीख लवकर आली की उकाडा जास्त, हेही लक्षात ठेवा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जोधपूरची दुपार पस्तीस अंशांच्या वर जाते, महिनाअखेरीस जरा सुसह्य होते. पहाट दोन्ही वेळा गार. किल्ला शहरापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर उंच, वर वारा मोकळा. दुपारी सुती सदरा आणि पहाटे शाल, असं दोन्ही सामान लागतं.

मुंबईहून वांद्रे टर्मिनसची सूर्यनगरी एक्सप्रेस सोयीची: दुपारी बसायचं, रात्र गाडीत, सकाळी जोधपूर. पुण्याहून भगत की कोठीपर्यंत गाडी आहे आणि हे स्टेशन जोधपूर शहरातच आहे. गाड्यांच्या यादीत फक्त 'जोधपूर' शोधणारे इथे फसतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. नवरात्र आणि दिवाळी यांच्या बेचक्यात हा महोत्सव येतो आणि त्या काळात मुंबईतून राजस्थानकडे जाणाऱ्या गाड्या गावी निघालेल्या मारवाडी कुटुंबांनी भरलेल्या असतात. जाण्याचं तिकीट पहिल्याच दिवशी काढा. परतीचं त्या मानाने सोपं.

राहायला नवचौकिया किंवा ब्रह्मपुरी, म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याची निळी वस्ती. स्टेशनजवळची हॉटेलं स्वस्त वाटतात, पण मध्यरात्री मैफल सुटल्यावर आणि पहाटे पावणेपाचला निघताना तो पैसा रिक्षात जातो. ब्रह्मपुरीतून फतेहपोलच्या दरवाजाने पायी थेट किल्ल्यात शिरता येतं. चढ दमवणारा आहे, वीसेक मिनिटं धरा. गुडघे कुरकुरत असतील तर रिक्षाने वळसा घालून जयपोलपाशी उतरावं. तिथूनही आत चढ आहेच: डेढ कांगरा पोल, मग काटकोनात वळून लोहापोल, मग सूरजपोल. हत्तीला धावत येऊन दरवाजावर धडक मारता येऊ नये म्हणून ही वळणं काढलेली आहेत, आणि ट्रायपॉड, पाठपिशवी नि पाण्याची बाटली घेऊन निघालेल्या रसिकाचीही तीच गत होते. फरसबंदी शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत झाली आहे. कोल्हापुरी चपला सुंदर दिसतात, पण रात्री उतरताना घसरतात. रबरी तळाचे बूट घाला. किल्ल्यात लिफ्ट आहे, ज्येष्ठांनी दारातच चौकशी करावी. ती रात्री उशिरापर्यंत चालेल असं मात्र गृहीत धरू नका.

आता पहाट. सगळ्या महोत्सवात सरस काय असं विचारलं तर जाणकार मुख्य रंगमंचाचं नाव घेत नाहीत, जसवंत थड्याचं घेतात. महाराजा जसवंतसिंह दुसरे यांच्या स्मरणार्थ 1899 मध्ये बांधलेली ही संगमरवरी छत्री किल्ल्यापासून किलोमीटरभरावर, देवकुंड तळ्याच्या काठी आहे. मैफल साडेपाचच्या सुमाराला सुरू होते, सूर्योदय तारखेप्रमाणे साडेसहा ते पावणेसात. पाचला जागेवर असाल तर पुढे बसायला मिळतं, सव्वापाचला खांबाआड. बैठक जमिनीवर आणि दगड गार, म्हणून घडीची चटई किंवा जाड पंचा हवाच. संगमरवरी चौथऱ्यावर जोडे चालत नाहीत, मोजे घालून जा. रिक्षा आदल्या रात्री ठरवून ठेवायची आणि चालकाचा नंबर घ्यायचा. पहाटे पावणेपाचला रस्त्यावर उभं राहून रिक्षा मिळत नाही, आणि मिळालीच तर तो म्हणेल तो भाव. पास घेतानाही पहाटेच्या मैफली त्यात धरल्या आहेत की वेगळ्या, ते वाचून घ्या. दारात वाद घालणारे बहुतेक जण हेच न वाचता आलेले असतात.

पहाटेला बरेचदा भक्तिसंगीत असतं. मेघवाळ समाजातले भजनिक तंदुरा आणि मंजिरी घेऊन कबीर, मीरा आणि राजस्थानचे लोकदेव रामदेवजी यांची भजनं म्हणतात. ज्याचे कान वारकरी भजनावर पोसलेत त्याला इथे भाषेची अडचण फारशी वाटत नाही. ठेका वेगळा आहे, धीमा आणि आत ओढणारा, आणि टिपेला जाण्याची घाई कुणालाच नाही. उजेड फुटला की थड्याच्या भिंतींतल्या पातळ शिळांमधून ऊन झिरपतं, दगडाला आतून पिवळसर रंग चढतो. नेमक्या त्याच वेळी शंभर मोबाइल वर होतात. एक फोटो काढा आणि ठेवून द्या, कारण मागच्या माणसाला तुमचा पडदा दिसतो, गायक नाही.

एक गोष्ट नवख्यांना खटकते: दोन गाण्यांच्या मधे वाद्यं जुळवण्यातच चार-पाच मिनिटं जातात. यात गायकांचा आळस नाही. कमायचा या गजाने वाजवायच्या तंतुवाद्याच्या गोल पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं आणि मुख्य तारा तातीच्या, म्हणजे आतड्याच्या. पहाटेच्या दमट हवेत कातडं सैलावतं, तात फुगते, सूर उतरतो. ऊन चढलं की उलटं. संध्याकाळी मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनेही हेच होतं. तेव्हा जुळवणीच्या वेळी टाळ्या वाजवून घाई करू नये. उलट कान द्यावा, कारण तरफेच्या, म्हणजे आपोआप घुमणाऱ्या तारा एकेक करून लागताना त्या वाद्याचा खरा घुमारा कळतो.

लंगा आणि मांगणियार यांत फरक काय, हे माहीत करून गेलात तर ऐकणं दुप्पट होतं. दोन्ही समाज मुसलमान, दोन्ही पिढीजात गाणारे, दोघांचंही गाणं यजमानांच्या घरच्या जन्म-लग्नांशी बांधलेलं. मांगणियारांचे यजमान मुख्यतः राजपूत आणि इतर हिंदू घरं, लंगांचे सिंधी सिपाही मुसलमान. मांगणियार जैसलमेर-बाडमेरकडचे, त्यांचं वाद्य कमायचा: आवाज जाड, घोगरा, छातीत उतरणारा. लंगांची सिंधी सारंगी बारीक नि टोकदार. लंगांमध्येही सारंगिया आणि सुरनैया असे दोन गट: पहिले सारंगीवर गातात, दुसरे परंपरेने फक्त फुंकवाद्यं वाजवतात, म्हणजे सुरनाई, मुरली, सतारा. डोळे मिटून आधी हे ओळखायचा सराव करा. गज ओढल्यावर खर्ज मागे रेंगाळला तर कमायचा.

खडतालीबद्दल आपल्याकडच्यांचा हमखास गोंधळ होतो. भजनातल्या चिपळ्यांना झांजा असतात, मारवाडच्या खडतालीला नसतात. शिसवासारख्या कठीण लाकडाच्या चार चपट्या पट्ट्या, प्रत्येक हातात दोन. एक पट्टी अंगठ्याच्या बाजूला घट्ट धरलेली, दुसरी बोटांवर मोकळी. सगळी करामत त्या मोकळ्या पट्टीची. ढोलक-खडतालीची जुगलबंदी रंगली की प्रेक्षक उठून उभे राहतात, पण ती शेवटची मिठाई आहे. गाण्याचा जीव सुरुवातीच्या दोह्यात असतो. ताल नाही, एकटा गायक वरच्या सुरात दोहा टाकतो, कमायचा मागून येतो, आणि राग तिथेच उभा राहतो. सोरठ, मारू, मांड. मांड तर नाट्यसंगीतातून आपल्या ओळखीची. दोहा चालू असताना गप्पा मारणारे ढोलकीच्या पहिल्या थापेला 'आता सुरू झालं' म्हणून वळतात. त्यांचं निम्मं गाणं तोवर होऊन गेलेलं असतं.

संध्याकाळचा मुख्य कार्यक्रम किल्ल्यातल्या जनाना चौकात, म्हणजे राणीवशाच्या अंगणात. तिन्ही बाजूंनी कोरीव जाळ्यांच्या भिंती, त्यामुळे देखावा अप्रतिम आणि ध्वनी अवघड. दगडी भिंतींवरून आवाज परततो, मागच्या कोपऱ्यात ढोलक दोनदा ऐकू येतो. अगदी पुढे स्पीकरच्या तोंडाशी बसलात तर खडताल कानात टोचते. ध्वनिसंयोजकाचं टेबल कुठे आहे ते बघा आणि त्याच्या पुढे चार-पाच रांगांवर, शक्य तितकं मध्यभागी बसा. तो माणूस जे ऐकून आवाज जुळवतो, तेच तुम्हालाही ऐकू येईल. पुढच्या गाद्यांवर जागा हवी असेल तर तासभर आधी या. पाठ दुखणाऱ्यांनी खुर्चीच धरावी.

परदेशी कलाकारांबरोबरच्या सहवादनांबद्दल मत स्पष्ट सांगतो: काही विलक्षण जमतात, काही सरळ सपाट जातात. दोन्हीकडे आधारस्वर आणि मोकळा ताल असेल तर जमतं. समोर ड्रमसेट आणि बास गिटार आले की कमायचाचा खर्ज त्यात बुडतो आणि मांगणियाराच्या वाट्याला आरोळीवजा तानाच उरतात. वेळ कमी असेल तर फक्त राजस्थानी कलाकारांचे कार्यक्रम आधी निवडा आणि उरलेल्या वेळात हे.

रात्री अकरानंतरचे कार्यक्रम नाच-गाण्याचे. तिथे थांबायचं की पहाटे जायचं, दोन्हीतलं एकच नीट होतं. दोन्ही करणारे थड्यावर भिंतीला टेकून घोरताना सापडतात. आमचं मत पहाटेला.

किल्ल्याच्या चोकेलाव बागेतली सकाळची सत्रं रिकामी टाकून बरेच जण शहर बघायला जातात. असं करू नका. इथे कलाकार हाताच्या अंतरावर बसतात, वाद्य उलटंपालटं करून दाखवतात, प्रश्न विचारता येतात. मारवाडी कळत नसेल तर हिंदीत विचारा, मोकळेपणाने बोलतात. 'तुमच्या घराण्याचा यजमान कोण?' हा प्रश्न विचारून बघा. उत्तर म्हणून बहुधा गाणंच मिळतं. टोपी आणि लिटरभर पाणी सोबत हवं, दहानंतर सावली आक्रसत जाते.

सकाळची सत्रं आणि संध्याकाळ यांच्या मधे झोप काढा, किंवा किल्ल्याला लागूनच असलेल्या राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये ऊन उतरल्यावर तासभर हिंडा. सत्तर हेक्टरांच्या या खडकाळ जागेतली विलायती बाभूळ मुळासकट काढायला खांडवालिया समाजातले पाथरवट बोलावले होते. ते छिन्नी मारून खडकाचा आवाज ऐकतात आणि कुठे फुटेल ते सांगतात. लोकसंगीत ऐकायला आलेल्या माणसाने हे तरी चुकवू नये. एक दिवस जास्त असेल तर शहराबाहेर मोकलावासला अरणा-झरणा संग्रहालय आहे. लोककलांचे अभ्यासक कोमल कोठारींनी उभारलेलं, आणि तिथला मोठा विषय चक्क केरसुण्या. याच कोठारींनी लेखक विजयदान देथांबरोबर 1960 मध्ये बोरुंदा गावात रूपायन संस्थान ही लोककलांची संस्था काढली. लंगा-मांगणियार आज जगभर ऐकले जातात त्यामागे त्यांचं ध्वनिमुद्रणाचं काम आहे.

खाणं: पहाटेच्या मैफलीनंतर घंटाघराकडे उतरून मिरचीवडा किंवा प्याज कचोरी. माखनिया लस्सी एक ग्लास दोघांत पुरे, तीवर दुपारची झोप ठरलेली. किल्ल्यावर संध्याकाळी मिळणारं खाणं महाग आणि रांग मोठी, म्हणून सहाच्या आत खाली जेवून वर चढणं उत्तम.

पैशांबद्दल एक सूचना. यजमानांच्या बैठकीत गायकावर नोटा ओवाळण्याची रीत आहे, पण इथे मंचाकडे नोटा घेऊन धावू नका. गाणं आवडलं तर सत्रानंतर भेटा, नंबर घ्या, आणि गावाकडे मैफल ठरवायची असेल तर मानधन, प्रवास, राहणं आधी बोलून घ्या.

वाद्य विकत घ्यायचं तर सरदार मार्केटमधल्या शोभेच्या वस्तू टाळा आणि कुठल्याही वादकाला बरोबर न्या. खडतालीच्या पट्ट्यांची शीर सरळ हवी, आपटल्यावर टणक आवाज यायला हवा. बद्द वाजली तर लाकूड ओलं आहे किंवा चीर आहे. मोरचंग, म्हणजे तोंडाशी धरून वाजवायचं छोटं लोखंडी वाद्य, उजेडात धरून बघा: मधली जीभ आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या यांतली फट सारखी हवी, कुठे घासत असेल तर फक्त खरखर मिळते. वाजवताना तो दातांना टेकवायचा, चावायचा नाही, नाहीतर जीभ दातावर आपटते. विमानाने परतत असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत टाका. लोखंडी, टोकदार वस्तू बघून सुरक्षा तपासणीत थांबवतात, आणि तिथे वाजवून दाखवून सुटका होत नाही.