आमची वाटचाल : आल्याच्या पिकअपपासून कॅम्परपर्यंत

कमान-पाट्याचं काम, म्हणजे गाडीचं ओझं पेलणाऱ्या, एकावर एक बसवलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम, आमच्या घरात आणलं ते आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ऐंशीच्या दशकात साताऱ्याला वाढे फाट्यावर पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि घण मारायला दोन माणसं, एवढ्यावर सुरुवात झाली. तेव्हा सगळं काम ट्रकचं. खंबाटकी उतरून आलेल्या ट्रकचा मेन पाटा (सगळ्यात वरचा, लांब) तुटला की क्लीनर रात्री-अपरात्री शेडचा पत्रा वाजवायचा आणि आप्पा उठायचे.

2005 साली छोटा हत्ती आला, त्याच्या आगेमागे पिकअप गावोगाव झाल्या आणि आमचं गिऱ्हाईकच बदललं. आमच्याकडं आल्याचा भाव गाडीवर निघतो, एक गाडी म्हणजे 500 किलो. त्यामुळं पिकअपवाला यायचा आणि गाडीतच हिशेब सांगायचा, "आप्पा, तीन गाड्या बसल्या पायजेत. दोन पाटे जादा टाका." पिकअप असायची एक टनाची. आप्पा शांतपणे विचारायचे, "पाटे टाकतो, पण एक्सल कुठनं आणायचा?" कितीतरी गिऱ्हाईक त्यामुळं पुढच्या शेडला गेलं. आप्पांनी वाईट वाटून घेतलं नाही.

पाटा जाड केला की गाडीचं शेपूट वर राहतं, म्हणून गाडीची ताकद वाढली असं वाटतं. पण एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक तेवढेच राहतात. आरसी बुकावरचं एकूण वजनही तेवढंच राहतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 आहे. दंड भरून माणूस घरी तरी येतो. केळघर घाटाच्या उतारावर ब्रेक तापले तर तेही नाही.

कॅम्परचं, म्हणजे राहायची खोली बसवलेल्या गाडीचं, काम आमच्याकडं आलं ते राज्याचं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 साली जाहीर झालं त्यानंतर. कोरेगावकडचे एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांच्या मिसेस एक टनाची पिकअप घेऊन आले. हौद्यात बसणारी खोली त्यांनी बाहेरून बनवून घेतली होती. आत पलंग, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सगळं देखणं. वजन 600 किलो म्हणून सांगितलं होतं. गाडी मात्र मागं बसलेली, हेडलाइट झाडाच्या शेंड्याला. सर म्हणाले, "यवतेश्वरच्या घाटात स्टिअरिंग हलकं लागतं, वळणावर पोटात गोळा येतो."

आप्पा गाडीखाली गेलेच नाहीत. म्हणाले, "सर, आधी काट्यावर."

टाकी भरून, दोघांना गाडीत बसवून वजन केलं. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, मग पूर्ण गाडी. खोली भरून 600 च्या बरीच वर निघाली आणि गाडी आरसीच्या वजनाच्या शंभरेक किलो पुढं. शिवाय पुढच्या एक्सलवर रिकाम्या गाडीपेक्षाही वजन कमी. स्टिअरिंग हलकं लागायचं कारण तेच. पाण्याची टाकी आणि ओटा मागच्या दाराशी, म्हणजे एक्सलच्या मागं. तिथं ठेवलेला प्रत्येक किलो पुढची चाकं उचलतो.

त्या दिवशी आम्ही पान्यालाही हात लावला नाही. बाईंबरोबर बसून सामानाची यादी केली. 100 लिटरची टाकी काढून 50 ची घ्यायची आणि ती केबिनच्या पाठीला लावायची. दुसरं सिलिंडर घरी ठेवायचं, भरलेलं असलं की तीसेक किलो त्यातच जातात. जनरेटर नको, छतावर सोलर आहेच. बाईंनी स्वतःहून लोखंडी शेगडीवर काट मारली. गाडी कागदावरच्या वजनात आली तेव्हा आप्पा म्हणाले, "आता पाट्याचं बघू."

इथं मालाची पिकअप आणि कॅम्पर यांत मोठा फरक आहे आणि आम्हाला सगळ्यात जास्त विचार त्याचाच करावा लागला. हमाल पोतं टाकून मोकळा होतो, तशी मालाची गाडी वाशीला आलं उतरवून रिकामी परत येते. कंपनीचे पाटे त्याच बेताचे असतात: रिकामी असताना वरचे पाटे काम करतात, भरली की खालचा जाड हेल्पर टेकतो. कॅम्परचं ओझं कधीच उतरत नाही. गाडी दारात उभी असली तरी पाट्यावर भार आहेच. हेल्पर सतत टेकलेला, गाडी खड्ड्यात गेली की दणका थेट चासीला, आणि बारा महिने दाबलेला पाटा हळूहळू गोलाई सोडतो.

माझी पुतणी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आता शेड सांभाळते. तिनं हिशेब मांडला. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणून 8 मिमीऐवजी 10 मिमी घातला तर एकच पाटा जवळजवळ दुप्पट ताठ होतो. सोपं वाटतं. पण तेवढाच वाकला तर जाड पाट्यावर ताण जास्त येतो आणि तो आधी तुटतो. म्हणून 10 चा एक घालण्यापेक्षा 8 चे दोन लांब पाटे बरे: ताठपणा जवळपास तेवढाच, ताण कमी. आम्ही मेन पाटा ठेवला, त्याखाली दोन लांब पाटे वाढवले आणि हेल्पर इतका खाली घेतला की तो मोठ्या खड्ड्यातच टेकावा. नवे पाटे भट्टीत लाल करून, तेलात बुडवून, परत टेंपर केलेले, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेतानं तापवलेले. थंड पाटा घणानं ठोकून गोलाई काढून देणारे आहेत. ती गोलाई टिकत नाही आणि आम्ही तसं काम करत नाही.

सरांना एअरबॅग हव्या होत्या, म्हणजे एक्सल आणि चासीच्या मध्ये बसणाऱ्या, भार उचलणाऱ्या हवेच्या पिशव्या. हवा कमी-जास्त करून उंची जुळवता येते ही सोय चांगलीच आहे. पण पाटा आपला भार पुढच्या-मागच्या दोन हँगरवर (पाट्याची टोकं चासीला अडकतात त्या जागांवर) वाटतो आणि एअरबॅग तो एक्सलच्या वर एकाच जागी चासीवर देते. त्यात खोली मागं लटकती असली की चासीला तिथंच तडा जायची भीती. त्यांच्या गाडीला मी नको म्हटलं.

पाट्यांपेक्षा मला जास्त काळजी असते ती मागच्या एक्सलजवळच्या एका बारीक दांडीची. एक टोक एक्सलला, दुसरं चासीवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हला. चासी खाली बसली की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरली, मागच्या ब्रेकला जादा दाब देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाटे टाकून ही दांडी तशीच सोडलेल्या गाड्या आमच्याकडं येतात. कुठं ती तारेनं बांधलेली असते. माणसाच्या जिवाशी इतका हलगर्जीपणा बघवत नाही. दांडी नव्या उंचीला जुळवून, ब्रेक दाबून, दाब मोजल्याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर जात नाही.

बाकी कामं ओघानं आली. जास्त ताकदीचे शॉकअप, मागं गाडी वळणावर कमी झुकावी म्हणून अँटी-रोल बार, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन पाचर घालून जुळवणं, पाटे एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट, आणि 112 लोड इंडेक्सचे टायर, म्हणजे एका टायरला 1120 किलो. 500 किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळायला यायचंच, असं बिलावरच लिहून दिलं.

गाडी घेऊन मी आणि सर यवतेश्वर चढून कासपर्यंत गेलो. वळणावर खोली झुकली, पण सावकाश झुकली आणि सावकाश सरळ झाली. उतरताना स्टिअरिंग सरांनी घेतलं आणि सांबरवाडीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, नुसते हसत होते.

त्यानंतर पुण्या-कोल्हापूरकडून कॅम्पर यायला लागले. आम्ही चारही चाकांचं वजन एकेक करून घेता येईल असे काटे घेतले, कारण डाव्या-उजव्या बाजूचा फरक मोठ्या काट्यावर सापडत नाही. ट्रक आणि आल्याच्या पिकअपही अजून येतात, धंद्याचा मोठा भाग तोच आहे. आप्पा आता रोज येत नाहीत, पण कॅम्पर आला म्हटलं की त्यांना निरोप द्यावा लागतो.

तुमचा कॅम्पर आणणार असाल तर टाकी आणि सिलिंडर भरून, रोजचं सामान घालून, जितकी माणसं फिरणार तितकी बसवून दोन्ही एक्सलची वेगवेगळी पावती घेऊन या. आरसी बुक आणा. आणि खोलीतलं काय काय काढता येईल ते घरीच ठरवून निघा, म्हणजे आमच्याकडं एक दिवस वाचतो.