हजेरीच्या वहीतले तास

यादीत त्या इमारतीपुढे 'रिकामी' असा शेरा होता. उत्पन्नाच्या पाहणीत रिकामं घर सोडून पुढे जायचं असतं. पण तिसऱ्या मजल्यावर, भिंती नसलेल्या स्लॅबखाली कपडे वाळत होते, म्हणून मी वर गेले. तिथे 14 जण राहत होते, सगळे बाहेरगावाहून कामाला आलेले. पाहणी घरोघर होते. यांना घरच नाही, मग ते आकड्यांत येणार कुठून?

एका सेंट्रिंगवाल्याचा फॉर्म भरला. त्याचा रोज, सकाळी भेटलेल्या स्थानिक कारागिराइतकाच. महिन्याकाठी हातात 26 दिवसांचे पैसे. त्या कारागिराचेही 26 च. मला खरंच बरं वाटलं. उत्पन्नातली विषमता मोजणारा जिनी गुणांक 0 असेल तर पूर्ण समानता, आणि या दोघांपुरता तो 0 च निघाला असता.

मी फॉर्म आवरायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तास नाही लिहिले?"

खिशातून त्यानं छोटी वही काढली. कडा सिमेंटनं ताठ झालेल्या. प्रत्येक तारखेपुढे पेन्सिलीच्या रेघा: चार उभ्या, पाचवी आडवी. रोज 12 तास. 30 दिवसांत एकही खाडा नाही.

"मग 26 कसे?"

"रविवारचा रोज मुकादमाचा. त्यानंच काम लावून दिलं ना."

स्थानिक कारागीर रविवारी घरी असतो. त्याचे 8 तासांप्रमाणे महिन्याचे 208 तास, याचे 360. पैसे तेवढेच. म्हणजे तासाला त्याला 100 मिळत असतील, तर याला पुरते 58 ही नाहीत.

8 तासांच्या दिवसाचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार 1919 चा. काम लावून दिल्याबद्दल मध्यस्थासाठी मजुरी कापू नये, हे 1949 च्या करारात आहे. नव्या गणकांना मी हे दरवर्षी शिकवते, आणि आमच्याच फॉर्मवर तासांचा रकाना नाही! हे इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही, याची फार लाज वाटली.

वही परत ठेवताना त्यानं विचारलं, "मुकादमाला माझं नाव कळणार नाही ना?" काम, झोपायची जागा, सगळं त्या एकाच माणसाच्या हातात. नाही कळणार, मी सांगितलं. शेऱ्यात लिहिलं: 360 तास.

संध्याकाळी कार्यालयातून फोन आला: इमारत रिकामी आहे, नोंद रद्द करा. मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी पहाटे, ते कामाला लागायच्या आत, उरलेल्या 13 जणांचे फॉर्म घेऊन पुन्हा तो जिना चढले.