कापलेल्या कागदाची कड

मंगळवार, रात्री

आज पुन्हा चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींची चित्रं डोक्यात आहेत. १९५६ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि त्यांची उरलीसुरली नजर गेली. उरलीसुरलीच, कारण एक डोळा जन्मापासून निकामी होता आणि दुसऱ्याला दूरचं फार कमी दिसायचं. तरीही शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र त्यांनी १९४६-४७ मध्ये केलं, तेही पूर्ण आकाराचा आराखडा आधी भिंतीवर न उतरवता. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काम करताना त्या दिवशी जेवढं लिंपलं तेवढंच, ओल आहे तोवर, रंगवायचं असतं. गिलावा सुकत आला की रंग आत मुरत नाही, वरच्या वर बसतो आणि पुढे झडतो. म्हणजे हातासमोर छोटा तुकडा आणि अख्खी भिंत डोक्यात. मला वाटतं, दृष्टीविना काढलेल्या पुढच्या चोवीस वर्षांची तयारी या भिंतीवर झाली होती.

बोटांचंही असंच असतं. डोळा सगळं एकदम घेतो. बोट इंच-इंच सरकतं आणि मागे काय गेलं ते आठवून पुढचं जोडावं लागतं. त्यातही दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू बोटाच्या टोकाला एकच वाटतात. छोट्या चेहऱ्यावरचे डोळे-ओठ त्यामुळे हाती लागत नाहीत. मान कुठे वळली, पाठ कुठे वाकली, हे मात्र लख्ख कळतं. त्यांच्या नंतरच्या आकृत्यांत ठाशीव अंगस्थिती दिसते ती बहुधा म्हणूनच. ‘दिव्यदृष्टी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. त्यात त्यांची मेहनत झाकली जाते.

रेखाटन त्यांनी सोडलं नाही, मेणाच्या लहान मूर्तीही केल्या. पण जीव गुंततो तो कागद कापून केलेल्या चित्रांत. शाईची रेघ ओढली की बोटाला ती सापडत नाही. कापलेली कड मात्र तिथेच असते, पुन्हा पुन्हा चाचपता येते.

बुधवार, सकाळी

नजर गेलेल्या चित्रकाराबरोबर कागदकाम करायचं तर ही टिपणं जवळ हवीत.

कागद एका बाजूला सहज, सरळ फाटतो, दुसऱ्या बाजूला वेडावाकडा. हा तंतूंच्या दिशेचा गुण आहे. कागद न दुमडता अलगद वाकवून बघितला की कमी विरोध कुठे होतो ते हाताला कळतं; लांब सरळ कड हवी असेल तर त्या वाकाच्या रेषेला समांतर फाडायचं. कात्री बोथट टोकाची घ्यावी. ती एका जागी ठेवायची आणि कागद फिरवायचा, नाहीतर हाताचा अंदाज सुटतो.

रंग ओळखायला गठ्ठ्याच्या कोपऱ्याला खाचा: लालला एक, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन. हमखास चूक होते ती खाचेकडूनच कापायला सुरुवात करण्याची. उरलेला कागद मग मुका होतो. नेहमी समोरच्या कोपऱ्यापासून कापावं.

पुठ्ठ्याला चारही बाजूंनी जाड दोरा चिकटवला की चित्राची हद्द कळते. तुकडे आधी टाचण्यांनी लावायचे, दोन्ही तळहातांनी पूर्ण रचना फिरून बघायची, मगच खळ. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते खळीनेच. ओला कागद फुगतो, कड मऊ पडते आणि जागा चुकली तरी समजत नाही. शिवाय खळ बोटावर वाळली की तिचं कवच चढतं, स्पर्श बोथट होतो. म्हणून खळ करंगळीशेजारच्या बोटाने लावावी, तर्जनी कोरडी राखावी, ओलं फडकं डाव्या हाताशी असावं. पुढचा तुकडा आधीचा पुरता वाळल्यावरच.

१९७२ मध्ये बिनोदबिहारींनी शांतिनिकेतनच्या कलाशाळेच्या, म्हणजे कलाभवनाच्या, भिंतीवर मदतनिसांना घेऊन चिनीमातीच्या फरशांचं मोठं चित्र केलं, तेव्हा हा ओलाव्याचा प्रश्नच उरला नाही. भाजलेल्या फरशीची कड पाण्याने मऊ पडत नाही. मसाल्यात बसवल्यावरही ती बोटाला जशीच्या तशी लागते.